तूट आटते कुठे?

वजन कमी करायला निघालेल्यांना एक हिशेब हटकून सांगितला जातो. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. रोज ५०० कमी खा, पंधरवड्यात किलो उतरेल. १९५८ साली मॅक्स विश्नोफ्स्की या डॉक्टरांनी मांडलेलं हे गणित वर्षभरासाठी लावलं, तर जवळजवळ २४ किलो उतरायला हवेत. तसं होत नाही.

कारण या हिशेबात शरीराचा खर्च कायम धरलाय. तो किती बदलतो, हे १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात दिसलं. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं सावरायचं, हे शोधण्यासाठी अँसेल कीज यांनी ३६ तरुण निवडले. शस्त्र हाती घ्यायला विवेकबुद्धीने नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने उपाशी राहायला तयार झाले, याचं मला आजही अप्रूप वाटतं. रोजच्या सुमारे ३,२०० कॅलरींवरून २४ आठवडे त्यांना जेमतेम १,५७० वर ठेवलं. जेवणात बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. वर आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. वजन पाव हिश्श्याने घटलं, पण विश्रांतीतला ऊर्जाखर्च त्याहूनही जास्त, ४० टक्क्यांच्या आसपास घसरला. नाडी मंदावली. भर उन्हाळ्यात थंडी वाजू लागली. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले.

रोजच्या डाएटमध्ये हे इतकं टोकाला जात नाही, पण दिशा तीच. लहान झालेल्या देहाला ऊर्जा कमी लागते, लेप्टिन आणि थायरॉइडची संप्रेरकं उतरतात, नकळत हालचालही घटते. खाणं तेवढंच राहिलं, तरी तूट आटत जाते. अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल यांनी हे सगळं गणितात बसवलं. त्यानुसार ५०० कॅलरी कायम कमी केल्या, तर पहिल्या वर्षी साधारण दहा-अकरा किलो उतरतात. पुढचे तेवढेच उतरायला आणखी दोन वर्षं लागतात. म्हणून वर्षभराने काटा मंदावलेल्या माणसाला ‘चोरून खातोस का?’ असं विचारणं अन्यायाचं आहे.

चोरून नसेल, पण भूक मात्र खरोखर वाढलेली असते. हॉल यांच्याच गटाने २०१६ मध्ये दाखवलं, की घटलेल्या दर किलोमागे शरीराचा खर्च रोज वीस-तीस कॅलरींनी उतरतो, तर भूक जवळपास शंभर कॅलरींनी चढते.