कोठीतले मौन

सातारा आणि एकांत यांचा संबंध जुना आहे. सज्जनगडाच्या छायेत वाढलेल्यांना समर्थांच्या घळींचे माहात्म्य सांगावयास नको. परंतु याच साताऱ्यात १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळक मिशनची पगारी नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहिले व त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला, याचे स्मरण क्वचितच होते.

हा संन्यास अरण्यातला नव्हता. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनी एकत्र यावे, हा त्यांचा हेतू. लक्ष्मीबाई सुटल्या नाहीत, माणसांची वर्दळही सुटली नाही. सुटली ती वेतनाची शाश्वती. मे १९१९ मध्ये टिळक वारले. दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली.

पुढे या वाटेने फारसे कोणी गेले नाही, याचे कारण आमच्या मते मंडळीच्या घडणीत आहे. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशन, सांगली-मिरजेकडे प्रेस्बिटेरियन, दोन्ही प्रॉटेस्टंट. त्यांनी शाळा दिल्या, १८९४ साली मिरजेचे रुग्णालय दिले, उपदेश आणि गायने दिली. मठ मात्र त्या परंपरेने सोळाव्या शतकातच मागे टाकले होते. त्यामुळे उपासना म्हणजे बोलणे, असे समीकरण रुजले आणि गप्प बसणारा आळशी किंवा परधर्मीय वळणाचा वाटू लागला. वस्तुतः येशू चाळीस दिवस रानात होता, पहाटे उठून निर्जन स्थळी जात असे. चौथ्या शतकापर्यंत तर इजिप्तच्या वाळवंटात संत अँथनीसारख्या तपस्व्यांची परंपराच उभी राहिली होती.

दोन खोल्यांत सहा माणसे राहणाऱ्या कारकुनाने एकांत आणावा कोठून, हा आक्षेप मात्र खरा आहे. पण खोलीत जा, दार लाव आणि प्रार्थना कर, असे येशूने सांगितले, ते ऐकणारेही बहुधा एकाच खोलीत संसार करणारे होते. मत्तयाच्या शुभवर्तमानात तेथे जो ग्रीक शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ कोठी. धान्याच्या रांजणांमध्ये, अंधारात बसायचे!

तेवढी जागा कोणालाही सापडेल. अडचण पुढेच आहे. दार लावून बसल्यावर प्रथम देव भेटत नाही; प्रथम ऐकू येतो तो सकाळी शिपायावर ओरडलेला आपलाच आवाज. पुष्कळजण दुसऱ्या दिवशी बसत नाहीत, ते यामुळेच.