पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारू नका. इंजिन तिथंच मरतं

मिरजगाव : आमचा कर्जत तालुका दुष्काळी पट्ट्यातला. इथल्या माणसाला टँकर ओळखता येतो, पूर ओळखता येत नाही. त्यामुळे ओढ्याला पाणी आलं की निम्मं गाव बघायला जातं आणि पोरं गाडी घालून बघतात. 2025 च्या सप्टेंबरमध्ये सीना अशी फुगली की खाली सोलापूर जिल्ह्यात लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद करावा लागला. महामार्गाची ही गत, तर आपल्या वाडीवस्तीवरच्या फरशी पुलांचं काय सांगायचं.

अशाच एका पावसात संध्याकाळी माझ्या भाच्याचा फोन आला. त्याच्याकडे पिकअप आहे. कांदा, शेळ्या, लग्नाचं सामान, मिळेल ते भाडं मारतो. हप्ते चालू आहेत. रस्त्यावर गर्दी म्हणून त्यानं ओढ्यातून आडवाटेनं गाडी घातली होती. "मामू, गाडी पानी में बंद पडी. तीन-चार बार सेल्फ मारा. फिर कट्ट करके आवाज आया, अब फिरताच नै." मी म्हटलं, आता हात लावू नको. पण जे व्हायचं ते त्या कट्टमध्ये होऊन गेलं होतं. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं टोचन करून गाडी गॅरेजला नेली, हेड खोललं, तर एक कनेक्टिंग रॉड वाकलेला. सगळं मिळून खर्च लाखाच्या वर गेला. वर महिनाभर गाडी उभी, म्हणजे कमाई बंद आणि हप्ता चालू.

भाच्याचा प्रश्न साधा होता. "मामू, गाडी रोज धुतो, पावसात चालवतो. तेव्हा काही होत नाही. मग ओढ्यातच काय झालं?" मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून त्याला वर्गातला प्रयोग करून दाखवला. इंजेक्शनची सुई नसलेली सिरिंज घ्या. आत हवा भरा, पुढचं भोक अंगठ्यानं दाबा आणि दट्ट्या ढकला. दट्ट्या बराच आत जातो, कारण हवा दबते. आता सिरिंजमध्ये पाणी भरून तेच करा. दट्ट्या तसूभर हलत नाही. जोर लावला तर सिरिंज फुटेल किंवा अंगठा सुटेल, पण पाणी दबणार नाही.

इंजिनात हाच खेळ मिनिटाला हजारो वेळा चालतो. पिस्टन खाली येताना हवा आत ओढतो, वर जाताना ती दाबतो. डिझेलचं 2,500 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन धरा. एका सिलिंडरला 625 सीसी. हवा 17 पट दाबली जाते असं धरलं, तर पिस्टन अगदी वर पोचल्यावर डोक्यावर उरलेली जागा 625 भागिले 16, म्हणजे जेमतेम 39 मिलिलिटर. 1,200 सीसीच्या पेट्रोल कारमध्ये 10 पट दाब धरला तर 33 मिलिलिटर. कटिंग चहासुद्धा याहून जास्त असतो! तेवढं पाणी एका सिलिंडरमध्ये शिरलं की पिस्टनला वर जायला जागाच राहत नाही. बाकीची सिलिंडरं, फ्लायव्हील आणि चाकांचा वेग त्याला वर ढकलत असतात. पाणी दबत नाही, मग रॉड वाकतो. वेग जास्त असेल तर रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. मेकॅनिक याला 'हायड्रोलॉक' म्हणतात.

म्हणजे पावसाचं किंवा धुण्याचं पाणी इंजिनच्या बाहेरून वाहून जातं, त्यानं सहसा काही होत नाही. धोका आहे तो हवा ओढण्याच्या तोंडाचा. एअर फिल्टरच्या डब्याकडे जाणारा पाइप पुष्कळ गाड्यांत पुढच्या जाळीमागे किंवा हेडलाइटच्या मागे असतो. बॉनेट उघडून हे तोंड जमिनीपासून किती उंच आहे ते एकदा टेपनं मोजून ठेवा. आपल्याकडे मात्र सगळं लक्ष सायलेन्सरवर! "सायलेन्सरमध्ये पाणी गेलं म्हणून बंद पडली, रेस देत राहा," हा सल्ला प्रत्येक पारावर मिळतो. चालू इंजिनाचा धूर सायलेन्सरमधलं पाणी बाहेर ढकलत असतो. आणि रेस वाढवली की पुढचं तोंड आणखी जोरात ओढतं. तिथं पाणी पोचलेलं असेल तर तेही ओढतं.

दुसरा गैरसमज याहून महाग पडतो. "डिझेलला पाण्याचं काही होत नाही." यात अर्धं खरं आहे. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे जुन्या जीपा ओल्या झाल्या तरी चालत राहायच्या. पण डिझेलमध्ये हवा जास्त दाबली जाते आणि वरची जागा त्या मानानं कमी असते. म्हणून पाणी आत गेलंच, तर डिझेलचं नुकसान मोठं होतं. पेट्रोलची गाडी भिजून आधीच बंद पडते आणि कधी कधी त्यामुळेच वाचते.

आता भाच्याच्या चुकीकडे येतो, कारण सगळ्यांत जास्त इंजिनं इथं जातात असं आमच्या मिस्त्रींचं म्हणणं आहे. गाडी हळू असताना पाणी शिरलं, तर इंजिन पुष्कळदा नुसतं अडकून थांबतं. त्या क्षणी रॉड शाबूत असू शकतो. मग माणूस घाबरून सेल्फ मारतो. एका सिलिंडरमध्ये पाणी आहे, शेजारचं कोरडं आहे. कोरड्यानं पेट घेतला की त्याचा सगळा जोर पाणी भरलेल्या पिस्टनवर येतो, आणि रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली की चावी काढून खिशात टाकायची, ती याचसाठी.

मग करायचं काय? आधी माणसं बाहेर. पाणी चढत असेल तर गाडीचा विचार सोडा. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा बंद गाड्यांत अडकूनही माणसं गेली. काचा खाली होत नव्हत्या, पाण्याच्या दाबानं दारं उघडत नव्हती. पाणी उतरल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ढकला किंवा टोचन करा. गिअरमध्ये टाकून धक्का मारणं म्हणजे सेल्फ मारण्यासारखंच आहे, चाकं इंजिन फिरवतात. एअर फिल्टर उघडा. तो ओला असेल तर पाणी आत गेलंय असंच समजा. डिपस्टिक बघा. ऑइलची पातळी वाढलेली किंवा रंग दुधाच्या चहासारखा झालेला असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळलंय.

पुढचं काम मिस्त्रीचं. पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग, डिझेलचे नोझल किंवा हीटर प्लग काढून इंजिन आधी पान्यानं हातानं फिरवायचं. वरच्या भोकांतून पाणी उडतं, तेव्हा तोंड लांब ठेवा. हे काम एक-दोन दिवसांत झालं पाहिजे, नाहीतर सिलिंडरला आतून गंज धरतो. "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून अंगणात उभी केलेली गाडी नंतर जाम होते. गाडी चालू झाली तरी टकटक आवाज किंवा एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी येत असेल, तर रॉड थोडा वाकलेला असू शकतो. तो काही दिवस चालतो आणि मग एखाद्या दिवशी भर हायवेवर ब्लॉक फोडतो.

विम्याचं एक सांगायलाच हवं. कायद्यानं सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा आपल्या गाडीच्या नुकसानीचा एक पैसाही देत नाही. फुल विम्यात पुराचं नुकसान येतं, पण पाणी ओढून इंजिन गेलं, त्यात पुन्हा सेल्फ मारलेला असेल, तर कंपन्या इंजिनाचा दावा सहसा नाकारतात. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचं वेगळं कव्हर असतं. त्यातही अटी असतात, घेताना वाचून घ्या. दावा करायचा असेल तर गाडी पाण्यात असतानाचे फोटो काढा, आणि कंपनीला कळवून सर्व्हेअर येईपर्यंत इंजिन खोलू देऊ नका. भाच्याकडे थर्ड पार्टीच होता.

रीलमध्ये नदीतून उसळत जाणारी गाडी बघून आपली पोरं पेटतात. त्या गाड्यांनाही मर्यादा आहे. थारसाठी कंपनीनं दिलेली पाण्याची खोली 650 मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांच्या थोडं वर. लँड रोव्हर डिफेंडरची 900. हे आकडे सावकाश चालवण्याचे आहेत, धाडकन उडी मारण्याचे नाहीत. 2023 च्या डिसेंबरमध्ये हिमाचलात लाहौलला एकानं ट्रॅफिक चुकवायला थार थेट चंद्रा नदीत घातली. गाडी पार झाली, पण व्हिडिओ पसरला आणि पोलिसांनी दंड केला. जाणकार ड्रायव्हर माणसाच्या चालीनं, पहिल्या गिअरमध्ये, मध्ये क्लच न दाबता जातो. त्या वेगात पुढं एक लाट तयार होते आणि तिच्या मागे बॉनेटजवळ पाणी थोडं खाली राहतं. वेग वाढवला की तीच लाट बॉनेटवर चढते. समोरून एसटी आली तर तिची लाट तुमच्या गाडीत शिरते. एसटी गेली म्हणून आपण जाऊ, हे गणित त्यामुळेच चुकतं.

स्नॉर्केल, म्हणजे छतापर्यंत नेलेला हवेचा पाइप, काम करतो, पण खालचा प्रत्येक सांधा पक्का हवा. गिअरबॉक्स आणि क्राऊनला त्याचा उपयोग नाही. चालून तापलेला क्राऊन थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. म्हणून पाण्यातून आल्यावर ते ऑइलही तपासायचं.

वाहतं पाणी हा वेगळाच विषय. साधारण एक फूट वाहत्या पाण्यात छोटी कार वाहू शकते, दोन फुटांत बहुतेक गाड्या. शिवाय खालची फरशी जागेवर आहे का, हे गढूळ पाण्यात दिसत नाही. साचलेलं पाणी असेल तर कुणीतरी काठी घेऊन आधी चालत जावं. चाकाच्या मध्यापेक्षा वर पाणी असेल तर साध्या गाडीनं मागे फिरावं.

भाच्याची गाडी आता चालू आहे. मिस्त्रींनी नवीन ऑइल घालून थोडी चालवली, मग तेही काढून पुन्हा बदललं, कारण पहिल्या खेपेत पाण्याचा अंश राहतोच. वाकलेला रॉड मी मागून घेतला. तो शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात सिरिंजशेजारी ठेवलाय.