गंजलेला डोंगर आणि जीपचा पत्रा

पावसाळ्यात भीमाशंकरहून खाली आलेल्या गाडीच्या पोटाला जो लाल चिखल चिकटलेला असतो, त्याचा लाल रंग म्हणजे मुळात गंजच. सह्याद्रीचा काळा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून घडला. त्यात शेकडा दहाच्या आसपास लोखंड आहे. लाखो पावसाळ्यांनी या खडकातली सिलिका, चुना, सोडा असे विरघळणारे सारे धुऊन नेले. लोखंड मागे राहिले, हवेतल्या ऑक्सिजनशी जोडले गेले आणि लाल झाले. मंचर, घोडेगाव, डिंभे मागे टाकून पोखरीचा घाट चढताना रस्त्यासाठी कापलेली दरड नीट पाहावी. जिथे माती लाल दिसेल, तिथे डोंगर गंजलेला आहे.

डोंगराला त्यासाठी लाखो वर्षे लागली. जीपच्या चेसीला काही पावसाळे पुरतात.

हा फरक का? पोलाद हा मुळातच अवघडलेला पदार्थ आहे. खाणीतले लोखंड ऑक्सिजनला बिलगलेलेच सापडते. भट्टीत कोळसा जाळून, प्रचंड उष्णता ओतून त्याला बळेच सोडवावे लागते. सुटलेले लोखंड संधी मिळताच पुन्हा ऑक्सिजनकडे धावते. संधी म्हणजे पाणी. पण नुसते पाणी म्हटले की गोष्ट फार सोपी वाटते, आणि ती तशी नाही.

केंब्रिजमध्ये युलिक इव्हान्स नावाच्या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात केलेला एक प्रयोग इतका साधा आहे की तो शाळेतही करता येतो. घासून लख्ख केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. थेंबात दोन रसायने मिसळायची: लोखंड विरघळू लागले की निळे होणारे एक, आणि पाणी अल्कधर्मी झाले की गुलाबी होणारे दुसरे. थोड्या वेळाने थेंबाचा मध्य निळा होतो, कडा गुलाबी होते, आणि दोहोंच्या मधे तपकिरी गंजाचे कडे उमटते.

इथे क्षणभर थांबावे. हवा थेंबाच्या कडेला सर्वांत जास्त पोचते, मध्याला सर्वांत कमी. आपल्याला वाटेल की जिथे ऑक्सिजन जास्त, तिथे लोखंड खाल्ले जाईल. घडते नेमके उलटे. ऑक्सिजन कडेला बसून इलेक्ट्रॉन मागतो. ते पुरवण्यासाठी मध्यातले लोखंड विरघळते, आणि पत्र्यातून मध्याकडून कडेकडे इलेक्ट्रॉन वाहतात. एका थेंबाखाली एक छोटी बॅटरी चालू असते. खड्डा पडतो मध्यात आणि गंज साचतो दुसरीकडेच!

आता हाच थेंब मोठा करून गाडीखाली पाहा. चाकाच्या खाचेत, चेसीच्या वरच्या पाठीवर, स्प्रिंगच्या पाट्याच्या कड्यांशी लाल चिखलाचा गोळा बसलेला आहे. वरून तो सुकतो, आतून आठवडाभर ओला राहतो. गळवावर पोटीस बांधावे तसा तो पत्र्याला धरून असतो. त्याच्या पोटात ऑक्सिजन पोचत नाही, कडेला भरपूर पोचतो. म्हणजे इव्हान्सच्या थेंबाचीच मांडणी. पत्रा चिखलाच्या पोटात खाल्ला जातो, आणि वरून बघणाऱ्याला फक्त कडेची तांबूस रेघ दिसते. गाडीच्या खालच्या भागाचे रक्षण कसे करावे, याचे निम्मे उत्तर या एका प्रयोगात आहे: झाकण्याआधी उघडे करा.

मिठाची भूमिका इथे येते. शुद्ध पावसाच्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, त्यामुळे ही छोटी बॅटरी मंद चालते. मीठ पडले की पाणी वाहक होते आणि बॅटरीला जोर येतो. शिवाय मिठातला क्लोराइड लोखंडावर तयार होऊ पाहणारा पातळ संरक्षक थरही फोडतो. टोरांटो, शिकागो, डेट्रॉइट इथल्या मराठी घरांत हे आता संसारज्ञान झाले आहे. तिकडे बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. मिठाचे पाणी शून्याखालीही गोठत नाही; सुमारे २३ टक्के मीठ असलेले द्रावण उणे २१ अंशांपर्यंत पातळच राहते. डेट्रॉइट शहराच्या पोटात तर तीनशे मीटरहून खोल मिठाची खाण आहे. म्हणजे तिथे रस्त्यावर टाकायचे मीठ रस्त्याच्याच खालून वर येते! काही ठिकाणी कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात, आणि ते साध्या मिठाहून डांबरट. साधे मीठ हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की पाणी ओढून पाघळते, तर हे क्षार ३०-३५ टक्क्यांनाच ओले होतात. रस्ता कोरडा दिसतो, पण चेसीवरचा थर ओलाच असतो.

तिथली एक गंमत इकडच्या माणसाला पटत नाही. उणे वीस अंशांत बाहेर उभी असलेली गाडी जवळपास गंजत नाही. तीच गाडी मिठाच्या चिखलासकट उबदार गॅरेजमध्ये आणली की बर्फ वितळतो, उष्णतेने प्रक्रियेचा वेग वाढतो आणि गंज रात्रभर कामाला लागतो. गाडीची काळजी घेतली असे वाटते, आणि तिचेच नुकसान होते.

भीमाशंकरच्या वाटेवर मीठ नाही. एके काळी मात्र ते घाट चढत असे. कोकणातल्या आगरांतले मीठ बैलांच्या पाठीवरून देशावर यायचे, आणि जुन्नरचा नाणेघाट हा त्या दोन मुलखांमधला जुना व्यापारी मार्ग. आज अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातले खारे कण बहुतेक किनाऱ्याजवळच खाली बसतात. आपल्याकडे मिठाने खाल्लेला पत्रा बघायचा असेल तर मासळी वाहणाऱ्या टेम्पोखाली वाकावे. फळ्यांतून गळणारे बर्फाचे खारे पाणी त्याच्या चेसीवर वर्षभर ठिबकत असते. किंवा दापोली-अलिबागकडे पुळणीवर गाडी पळवून, लाटांत फोटो काढून परतलेल्या हौशी माणसाची गाडी दोन वर्षांनी उचलून पाहावी. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के मीठ असते. ती हौस महागात पडते, हे माझे स्पष्ट मत.

माथ्यावर मिठाची उणीव पाऊस आणि धुके भरून काढतात. इथे गाडी चिखलात घालणे हा छंद नाही. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांवर जीप आणि पिकअप हीच दवाखान्याची, बाजाराची आणि एसटी चुकल्यावरची सोय. (रविवारच्या हौशींसाठी एवढेच, की १९८५ पासून भीमाशंकरचे रान अभयारण्य आहे. रस्ता सोडून गाडी आत घालायची जागा ही नव्हे.) पण लोखंडाला सर्वांत वाईट महिना आषाढ नव्हे. मुसळधार पावसात गाडीचे पोट निदान धुतले तरी जाते. पाण्यात कायम बुडालेल्या लोखंडापेक्षा आळीपाळीने भिजणारे आणि सुकणारे लोखंड जास्त गंजते, कारण पाण्याचा थर पातळ असला की ऑक्सिजन झटकन आत पोचतो. भाद्रपद-आश्विनात सकाळी धुके, दुपारी ऊन, संध्याकाळी सर आणि जुना चिखल तसाच. खरा घास तेव्हा घेतला जातो.

याच पावसात एक धातू मात्र जवळपास पावणेतीनशे वर्षे टिकून आहे. भीमाशंकरला शनीच्या देवळापुढे टांगलेली पोर्तुगीज घंटा पाहिली असेलच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. ही त्यांपैकी एक. आधी समुद्राची खारी हवा, नंतर माथ्यावरचा पाऊस, तरी तिला भोक पडलेले नाही. घंटेचा धातू म्हणजे तांबे आणि कथील. तोही हवेत बदलतो, काळपट-हिरवा होतो, पण तो थर घट्ट चिकटून बसतो आणि खालच्या धातूला झाकतो. लोखंडाचा गंज उलट स्वभावाचा. तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, फुगतो, रंग उचलतो, पापुद्रे होऊन गळतो आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पाडतो. दोन्ही धातू हवेशी झगडतात. एकाला ढाल मिळते, दुसऱ्याला नाही.

म्हणून कारखानेच लोखंडाला ढाल चढवतात. बॉडीचा आख्खा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून त्यातून वीज सोडतात, म्हणजे रंग सांध्यासांध्यांत ओढला जातो. काही पत्र्यांवर जस्ताचा मुलामा असतो. जस्ताची तऱ्हा तर थक्क करणारी आहे: ओरखडा पडून लोखंड उघडे पडले तरी बॅटरीत आधी विरघळायची पाळी जस्त स्वतःवर घेते, आणि शेजारचे लोखंड वाचते.

बाजारात मिळणारे काळे रबरी अंडरबॉडी कोटिंग नव्या, कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर मारले तर उत्तम. ओलसर गाडीवर, गंजावरून मारले तर मात्र ते चिखलाचेच काम करते. ओल आत कोंडली जाते आणि वरून सारे काळेभोर छान दिसते. खड्ड्याच्या रस्त्यावर खडी उडून त्याला चीर गेली की तीच गत. कॅनडात बरेच लोक दर वर्षी हिवाळ्यापूर्वी पातळ, सांध्यांत झिरपणारे तेल फवारून घेतात. इथल्या माळरानाच्या आणि माथ्याच्या गाड्यांना मला तीच पद्धत जास्त शहाणपणाची वाटते. आपल्याकडे यासाठी जळके इंजिन ऑइल मारायची चाल आहे. ते स्वस्त पडते, पण त्यात इंजिनातली आम्ले आणि धातूचे कण असतात, रबरी बुश फुगतात, ब्रेकवर उडाले तर धोका, आणि पहिल्याच सरीत निम्मे तेल ओढ्याला जाते. भीमाशंकरला तो ओढा म्हणजे भीमेचे उगमस्थान.

धुताना वरचा रंग चमकवण्यात वेळ घालवू नये. रॅम्पवर चढवून चाकाच्या खाचा, चेसीची वरची बाजू आणि इंधनाच्या टाकीच्या मागची कपार धुवावी. पेटीसारख्या बंद चेसीला तळाशी पाणी निघायची भोके असतात. ती चिखलाने बुजली की चेसी आतून भरते आणि आतूनच गंजते. तारेने ती मोकळी करणे हे दहा मिनिटांचे, फुकटचे आणि सर्वांत मोलाचे काम. मग गाडी झाडाखालच्या ओलीत न लावता उन्हा-वाऱ्यात सुकू द्यावी.

गंज धरलाच असेल, तर त्यावरचा एक उपाय भीमाशंकरच्या रानातच लोंबतो आहे. हिरडा. आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी कुटुंबांचा तो हंगामी रोजगार. इंग्रजी अमदानीत कातडी कमावण्यासाठी तो विलायतेलाही जायचा. कातडी कमावणारे त्यातले टॅनिन लोखंडाला भेटले की गर्द काळे, पाण्यात न विरघळणारे संयुग तयार होते. हिरडा आणि हिराकस यांची जुनी काळी शाई याच मेळातून व्हायची. आज दुकानात मिळणाऱ्या कित्येक रस्ट कन्व्हर्टरांत हेच टॅनिक आम्ल असते: तांबूस गंजावर लावले की तो काळा होतो, स्थिरावतो, आणि त्यावर रंग धरतो. हिरड्याच्या काढ्यात एक गंजका खिळा टाकून पाहा, पाणी शाईसारखे होईल.

चेसीला मात्र काढा पुरत नाही. आधी तारेच्या ब्रशने पापुद्रे काढायचे, कन्व्हर्टर लावायचा, सुकल्यावर प्रायमर आणि रंग. आणि त्याही आधी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ठोकून पाहायचे. टणक आवाज आला तर हे सगळे करावे. टोक आत घुसले, तर थेट वेल्डिंगवाल्याकडे.