छातीतील कळ : पित्त की हृदयविकाराचा झटका?

जेवणानंतर छातीत जळजळ झाली की सोडा घ्यायचा आणि पडून राहायचे, ही घरोघरची रीत. बहुतेक वेळा ते पित्तच असते, म्हणूनच ज्या दिवशी ते पित्त नसते त्या दिवशीही कोणी उठत नाही. छातीच्या मध्यभागी दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, दरदरून घाम, ही झटक्याची परिचित लक्षणे. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात मात्र केवळ धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा एवढेच आढळू शकते.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत साचलेला चरबीचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि वाट बंद होते. त्यापुढील स्नायू मिनिटागणिक मरू लागतो. रुग्ण दवाखान्यात पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघावा, असा दंडक आहे तो यासाठीच. आलेखातील 'एसटी' भाग उंचावलेला दिसला, तर वाट पूर्ण बंद झाल्याचे धरून तातडीने उपचार सुरू होतात. पहिला ईसीजी निर्दोष निघाला म्हणून घरी परतणे मात्र धोक्याचे. तो पुन्हा काढावा लागतो. मेलेल्या पेशींतून रक्तात उतरणारे ट्रोपोनिन वाढायलाही काही तास लागतात, त्यामुळे तीही तपासणी पुन्हा करतात.

बंद वाट फुग्याने उघडून स्टेंट बसवणे हा उत्तम उपाय. १९७७ मध्ये झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयरोहिणीची पहिली अँजिओप्लास्टी केली, तेव्हा स्टेंट नव्हताच. निदानापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या केंद्रातच देणे शहाणपणाचे. पहिल्या तीन तासांत ते सर्वाधिक गुणकारी ठरते. बारा तासांनंतर त्याचा लाभ सहसा उरत नाही. मेंदूत पूर्वी रक्तस्राव झालेल्यांना ते देता येत नाही.

काणकोण किंवा सत्तरीच्या टोकाकडील गावातून बांबोळी गाठायला लागणारा वेळ लक्षात घेता हा मुद्दा गोव्यात केवळ पुस्तकी नाही. राज्यातील स्टेमी प्रकल्पाचे गणितही याच विचारावर बेतलेले आहे : परिघावरील सरकारी केंद्रात ईसीजी काढायचा, तज्ज्ञांनी तो दूरवरून वाचायचा, गरजेनुसार इंजेक्शन तिथेच द्यायचे आणि मग रुग्णाला गोमेकॉकडे हलवायचे. खासगी गाडी शोधत बसण्यापेक्षा १०८ला फोन करणे बरे. वाटेत हृदयाची लय बिघडली, तर डिफिब्रिलेटर गाडीत हवा. नातेवाइकाच्या मोटारीत तो नसतो.

स्टेंटनंतर ॲस्पिरिनच्या जोडीने रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी साधारण वर्षभर चालते. बरे वाटते म्हणून, किंवा दात काढायचा आहे म्हणून, ती परस्पर बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी जमू शकते. दंतवैद्याने सांगितले तरी आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.