हात कोणाचे, नाव कोणाचे?
(कापडाच्या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या तरुण डिझायनरसाठी)

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी बारावीच्या वर्गातली एक मुलगी तास संपल्यावर मागे थांबली. म्हणाली, "बाई, मला फॅशन डिझायनर व्हायचंय. पण घरी म्हणतात, एवढं शिकून शेवटी शिंपीणच व्हायचं का?" तिचे वडील बांधकामावर जातात. आई घरी मशीनवर ब्लाउज शिवते. मुलीच्या वहीत मागच्या पानांवर झग्यांची, दुपट्ट्यांची, साडीच्या काठांची चित्रे होती. चित्रे चांगली होती.

तिच्या घरच्यांचा प्रश्न मला हसण्यावारी नेता आला नाही, कारण तो चुकीचा नाही. ज्या समाजाने पिढीजात धंद्याचे जोखड फेकून दिले, मेलेली ढोरे ओढणे सोडले, त्या समाजाने मुलांना सांगितले ते एकच: शिका आणि या कामांतून बाहेर पडा. आता शिकलेली मुलगी पुन्हा सुई, कात्री आणि माग यांच्याकडे वळू पाहते, तेव्हा आईबापांना भीती वाटणे स्वाभाविक आहे. ही वाट पुढे जाणारी आहे की मागे नेणारी, आणि पुढे न्यायची तर पहिली पावले कशी टाकावीत, एवढ्याच प्रश्नाचा विचार या लेखात करायचा आहे.

१

कापड ही आपल्याकडे कधीच निव्वळ कापडाची गोष्ट नव्हती. चांडाळाने प्रेताची वस्त्रे वापरावीत असे मनुस्मृतीने सांगितले. त्रावणकोरात नाडार स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी अनेक वर्षे लढावे लागले आणि १८५९ साली राजाज्ञा निघाली तेव्हा कुठे तो मिळाला, तोही अटी घालून. डिसेंबर १९२७मध्ये महाडला मनुस्मृती जाळली गेली, त्याच वेळी बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदला, जातीची खूण सांगणारे दागिने टाका, असे सांगितले. लुगडे गुडघ्यापर्यंत की घोट्यापर्यंत, हा त्या दिवशी सौंदर्याचा नव्हे, माणूसपणाचा प्रश्न होता. वस्त्र माणसाची जागा ठरवते आणि ती जागा नाकारण्याचे साधनही वस्त्रच असते, हे आपल्या चळवळीला फार आधी कळले होते.

हे नेसण्याचे झाले. विणण्याचे काय? विदर्भात महार समाज जाडेभरडे कापड विणत असे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात याची नोंद आहे. म्हणजे माग आपल्या घरात होता. पण तोच माणूस मुंबईच्या गिरणीत गेला की त्याला साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, प्रवेश नव्हता. कारण असे की धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा स्पृश्य विणकराला चालत नसे. साचेखात्यात मजुरी अधिक होती. विटाळ आणि पगार यांची गाठ अशी घट्ट बसलेली होती. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि साचेखाते आपल्या माणसांना खुले करण्याची मागणी लावून धरली.

या इतिहासातून मला एक गोष्ट दिसते. आपल्याला कापडापासून कोणी दूर ठेवले नाही. आपल्याला दूर ठेवले ते कापडातल्या मोलाच्या जागेपासून. पूर्वी ती जागा साचेखात्यात होती. आज ती कोठे आहे?

२

आज ती जागा डिझायनरच्या टेबलाशी आहे. हा शब्द ऐकला की रोषणाईतला रंगमंच डोळ्यांपुढे येतो. पण रंगमंच हा या धंद्याचा फार लहान तुकडा आहे. रोजचे काम निर्णयांचे असते.

टेक्स्टाइल डिझायनर कापडच घडवतो. सूत कोणत्या नंबरचे, ताणा किती घट्ट, बाणा कोणता, इंचात धागे किती, नक्षी किती अंतरावर पुन्हा यावी, एकच नक्षी चार रंगांत कशी दिसेल, हे तो ठरवतो. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते, कारण कागदावरचा एक चौकोन म्हणजे मागावरचा ताण्या-बाण्याचा एक छेद असतो. फॅशन डिझायनर त्या कापडाचे वस्त्र करतो. त्याला माप, बेतणे, एका मापावरून लहानमोठी मापे काढणे आणि कारखान्यातला कारागीर न विचारता शिवू शकेल असा तपशिलाचा कागद तयार करणे, हे सगळे यावे लागते. चित्र छान काढता येणे ही फक्त सुरुवात आहे. कापड हातात घेतल्याबरोबर ते कसे पडेल, धुतल्यावर किती आटेल, हे ज्याला कळते तो खरा डिझायनर.

आणि इथेच आपल्या मुलांकडे काहीतरी आहे, जे त्यांना ठाऊक नसते. माझी आई गोधड्या शिवत असे. जुन्या लुगड्यांचे थर घालायचे, वर रंगीत तुकडे मांडायचे आणि कडेकडेने धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचे. कोणता तुकडा कोठे बसेल हे ती मांडून, उचलून, पुन्हा मांडून ठरवायची. एका गोधडीला तिला चार-पाच पायल्या ज्वारी मिळे. अनेक वर्षांनी शहरातल्या एका दुकानात मी तशीच गोधडी काचेमागे टांगलेली पाहिली. किंमत हजारांत होती. खाली चिठ्ठीवर डिझायनरचे नाव होते. शिवणाऱ्या बाईचे नव्हते. माझी आई जे करत होती त्याला रचना म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले, आणि त्या रचनेला नाव नसले की तिची किंमत ज्वारीत होते, हेही कळले.

३

शिकायचे कोठे? वस्त्रमंत्रालयाची राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे निफ्ट, १९८६ साली दिल्लीत सुरू झाली. तिचे एक केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, एनआयडी, त्याहून जुनी, १९६१ची. दोन्हीकडे बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन चार वर्षांची पदवी घेता येते आणि दोन्हीकडे अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आहेत. निफ्टच्या डिझाइन शाखेच्या परीक्षेत रेखाटन आणि सामान्य क्षमता यांच्या लेखी चाचण्यांखेरीज एक चाचणी हाताची असते. समोर ठेवलेल्या साहित्यातून दिलेल्या विषयावर वस्तू उभी करायची. शहरातल्या शिकवण्या या चाचणीसाठी मोठी फी घेतात. ज्या मुलाने तारेची गाडी केली, ज्या मुलीने चिंध्यांची बाहुली केली, त्यांना ही चाचणी परकी नाही. फक्त ती परीक्षा आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

फी लाखांच्या घरात जाते. अर्जच करू नये असे वाटायला तेवढे पुरते. म्हणून हे नीट वाचा: केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी 'टॉप क्लास' शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर तिच्यासाठी अर्ज करता येतो आणि निफ्ट व एनआयडी या संस्था तिच्या यादीत आहेत. जागा मर्यादित असतात. म्हणून जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला बारावीच्या वर्षीच काढून ठेवावा. दाखल्यावाचून प्रवेश गमावलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

ज्यांना तेथे जाता येणार नाही त्यांची वाट बंद होत नाही. आयटीआयमध्ये शिवणकामाचे आणि फॅशन डिझाइनचे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. सेलम, वाराणसी येथील हातमाग तंत्रज्ञान संस्थांत तीन वर्षांची पदविका मिळते. पदवी कोठलीही असो, या धंद्यात पहिला प्रश्न येतो तो कामाच्या संग्रहाचा, ज्याला पोर्टफोलिओ म्हणतात. आपली मुले त्यात चकचकीत मासिकांतून उतरवलेली चित्रे लावतात आणि घरचे काम लपवतात. माझे सांगणे उलट आहे. आईने शिवलेल्या ब्लाउजची गळ्याची बेतणी, आजीच्या गोधडीची मांडणी, गावच्या बाजारातल्या इरकलीच्या काठाचे मोजमाप, हे सगळे वहीत उतरवा. तारीख घाला, करणाऱ्याचे नाव घाला, आणि आपण त्यात काय बदलले तेही लिहा. ही नोंद हाच संग्रह.

एक अडचण मात्र गोड शब्दांनी सांगून उपयोग नाही. शिक्षणानंतरची पहिली एक-दोन वर्षे बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर उमेदवारी करण्याची रीत या क्षेत्रात आहे. ज्यांचे मुंबईत घर आहे त्यांना ती परवडते. ज्यांना खोलीचे भाडे भरायचे आहे त्यांना परवडत नाही. गुणवत्तेची गाळणी म्हणून जे दाखवले जाते ती पुष्कळदा भाड्याची गाळणी असते. म्हणून पगार देणारा निर्यातीचा कारखाना लहान वाटला तरी कमी मानू नये. कापड, वेळ आणि पैसा यांचा हिशेब तेथेच कळतो.

४

हिशेबाचे एक उदाहरण देते. समजा तुम्ही एक कुर्ता केला. अडीच मीटर कापड २०० रुपये दराने ५०० रुपये, शिलाई २५०, बटणे-दोरा ४०, इस्त्री-बांधणी ६०. एकूण ८५०. दुकानात किंमत ठेवली १५००. दुकानदाराने ४० टक्के, म्हणजे ६०० रुपये, घेतले. तुमच्या हाती आले ९०० आणि उरले ५० रुपये. त्यात नक्षी काढायला लागलेले चार दिवस कोठेच नाहीत. आपल्या घरांत स्वतःच्या श्रमाची किंमत धरायची सवय नाही, कारण ती कोणी कधी दिलीच नाही. नव्या डिझायनरने पहिल्या दिवसापासून कागदावर एक ओळ जास्त लिहावी: माझे श्रम.

दुसरी गोष्ट मालकीची. डिझाइन्स कायदा, २००० याखाली नव्या नक्षीची नोंदणी करता येते. ती १० वर्षे टिकते आणि पुढे ५ वर्षे वाढवता येते. पण नक्षी आधी प्रसिद्ध झाली असेल तर ती नवी राहत नाही, म्हणून नोंदणी आधी आणि प्रदर्शन नंतर. नोंदणीयोग्य नक्षी नोंदवली नाही आणि तिच्या ५०हून अधिक प्रती यंत्राने निघाल्या, तर कॉपीराइटचाही आधार उरत नाही. नोकरीत केलेल्या नक्षीवर सहसा मालकाचा हक्क असतो. सही करण्यापूर्वी करार वाचायचा तो यासाठी.

आणि जी कला एका माणसाची नसून समाजाची आहे तिचे काय? कोल्हापुरी चपलेला २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचे मिळून भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५मध्ये मिलानला प्राडा कंपनीच्या प्रदर्शनात तशाच चपला दिसल्या आणि मूळ कोठले हे सांगितलेले नव्हते. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. डिसेंबर २०२५मध्ये तिने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला आणि सुमारे ८०० युरो किमतीचे २००० जोड येथे करून घेण्याचे ठरले. हा विजय आहे, पण तो कोणाचा हे पाहिले पाहिजे. मानांकनाचे नोंदणीकृत धारक ती महामंडळे आहेत, एकेक कारागीर नव्हे. ज्या चांभार आणि ढोर घरांनी ही चपल घडवली, कातडे कमावले, त्यांच्यातली मुलगी त्या करारात डिझायनर म्हणून कोठे आहे? हात आमचे आणि नाव दुसऱ्याचे ही जुनी वाटणी आता परदेशी चलनात चालू राहू नये.

५

आता त्या मुलीच्या घरच्यांच्या प्रश्नाकडे. ही वाट मागे नेणारी आहे का?

जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. दोष सुईत नव्हता, कातड्यात नव्हता. दोष जन्माने काम ठरवण्यात होता आणि करणाऱ्याला ठरवण्याचा अधिकार न देण्यात होता. आपण सक्ती सोडली ते योग्यच केले. सक्तीबरोबर ज्ञानही टाकून द्यावे असा त्याचा अर्थ नाही.

कच्छमधल्या भुजोडीचे वणकर मेघवाळ समाजाचे, म्हणजे आपल्यासारखेच अस्पृश्य मानले गेलेले. त्यांची शाल आज देशाबाहेर जाते. कच्छमध्ये २००५ साली कला रक्षा विद्यालय सुरू झाले. विणकर, छपाईवाले, भरतकाम करणाऱ्या स्त्रिया यांना पंधरा-पंधरा दिवसांच्या सत्रांत, त्यांच्या भाषेत, डिझाइन शिकवले गेले. दुसऱ्याच्या कागदावरची नक्षी विणणारा माणूस स्वतःची नक्षी स्वतःच्या नावाने मांडू लागला. मुंबईत सुधीर राजभर यांनी धारावीच्या कारागिरांबरोबर पुनर्वापरातल्या रबराच्या पिशव्या केल्या आणि शिवी म्हणून वापरला जाणारा 'चमार' हा शब्दच त्या मालाचे नाव केला.

मात्र याचा अर्थ आमच्या मुलांनी फक्त गोधडी आणि चपलाच कराव्यात असा कोणी काढू नये. तसे केले तर जन्माने काम ठरवणे मागल्या दाराने परत येईल. आमच्या मुलीने पैठणी करावी, पुरुषांचे कोट करावेत, रुग्णालयातल्या परिचारिकांचे गणवेश करावेत. काय करायचे ते तिने ठरवावे. डिझाइन या शब्दाचा माझ्या लेखी अर्थच ठरवणे हा आहे, आणि आपल्याला आजवर नेमके तेच नाकारले गेले होते.

त्या मुलीच्या आईला मी कॉलेजात बोलावून घेतले. मुलीची वही तिच्यापुढे ठेवली आणि एका ब्लाउजच्या चित्राखाली बोट ठेवले. तेथे मुलीने लिहिले होते: बेतणी, आई. ती माउली बराच वेळ ते अक्षर पाहत राहिली. मग म्हणाली, "बाई, तो फॉर्म कधी भरायचा असतो?"