नेमणुकीचा कागद आणि न्यासापहार

पेढीवर नवा माणूस रुजू होताना पुष्कळदा त्याच्यापुढे एक छापील कागद ठेवला जातो. ‘ग्रॅच्युइटी, बोनस वा नुकसानभरपाई मागणार नाही’ असा त्यातील मजकूर. गरजू माणूस न वाचताच सही करतो आणि दायित्व मिटले, असे मालकाला वाटते.

कायद्याने ते मिटत नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या कलम १४ नुसार त्या कायद्याशी विसंगत करार टिकत नसे. कामावरील अपघाताची भरपाई सोडून देणारा करार १९२३ च्या कायद्यानेच शून्यवत ठरविला होता. २०१९ च्या वेतन संहितेने बोनसच्या हक्काबाबतही तीच भूमिका घेतली आहे.

१९८६ मध्ये सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या खटल्यात, कारण न देता नोकरीवरून दूर करण्याची मुभा देणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल केला. सौदाशक्ती विषम असताना दुर्बल पक्षाने दिलेली संमती खरी संमती नव्हे, हा त्यामागील विचार. दोन व्यापाऱ्यांमधील व्यवहार मात्र न्यायालयाने वेगळा मानला. कारण तेथे नकार देण्याचे बळ उभयपक्षी असते.

रकमेचा विचार करावा. दहा किंवा अधिक नोकर असलेल्या दुकानात एखाद्याने वीस वर्षे सेवा केली आणि त्याचे अखेरचे वेतन १५,६०० रुपये असले, तर २६ दिवसांचा महिना धरून पंधरा दिवसांचे ९,००० रुपये होतात. वीस वर्षांचे १,८०,००० रुपये. ही बक्षिसी नव्हे. दरवर्षी थोडी थोडी साचत गेलेली, मालकाकडे राहिलेली त्याची ठेव आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘न्यासापहार’ सांगितला आहे. ठेवीदार रक्कम विसरून कमी मागू लागला आणि ‘तेवढीच होती’ म्हणून ती देऊन टाकली, तर टीकाकार त्यालाही न्यासापहार म्हणतात. आपला हक्क ठाऊक नसलेल्या नोकराची सही त्या विस्मरणाहून फारशी वेगळी नाही. ठेवीदाराच्या अज्ञानाने ठेव कमी होत नाही.

म्हणून असे कागद छापण्याऐवजी वर्षअखेरीस ग्रॅच्युइटीची तरतूद हिशेबात धरावी आणि प्रत्येकाची साचलेली रक्कम त्याला वाचून दाखवावी. ताळेबंद तर बिनचूक होईलच. शिवाय पर्युषणात क्षमायाचना करताना आपल्याच पेढीवरील माणसासमोर नजर खाली वळवावी लागणार नाही.