रुसलेलं प्रवाळ आणि दिवाळीचा रंगारी

दसरा झाला की बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या सोसायट्यांत एकच लगबग सुरू होते. माळे उपसले जातात, रंगारी शिड्या घेऊन येतात, पेस्ट कंट्रोलवाला जिन्याजिन्यांतून फवारत जातो. अशाच एका ऑक्टोबरात आमच्या बोरिवलीच्या घरातलं प्रवाळ रुसलं. टाकी खाऱ्या पाण्याची, चार महिन्यांची, दोनशे लिटरची. आत तळहाताएवढं एक लेदर कोरल आणि झोअँथिडचे दोन तुकडे. सकाळी दिवे लागले की बटणाएवढ्या फुलांसारखे उमलणारे हे जीव तीन दिवस मिटलेलेच. मग मी नवशिका जे करतो ते सगळं केलं. पाणी बदललं, दुकानदाराने दिलेली एक बाटली ओतली, मग दुसरी ओतली, कोरल या दगडावरून उचलून त्या दगडावर ठेवलं. चौथ्या दिवशी झोअँथिडचा एक तुकडा विरघळून गेला. शेजारच्या खोलीत दारांना ऑइलपेंट लागत होता आणि पाण्यातली घाण फेसात पकडणारा टाकीखालचा स्किमर तीच हवा ओढून पाण्यात घुसळत होता, हे मला पाचव्या दिवशी सुचलं. स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढली, ॲक्टिव्हेटेड कार्बन नवा घातला आणि हात बांधून बसलो. दोन दिवसांत लेदर उघडलं.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. प्रवाळ रुसलं की टाकीआधी घर तपासायचं.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, झाडही नव्हे. तो प्राणी आहे, आणि बहुतेकांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ भाडेकरूसारखं राहतं. हे शेवाळ प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. पाणी तापलं किंवा प्रकाश एकदम वाढला, की हा करार मोडतो. शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं दिसू लागतं. समुद्रात नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी जेमतेम एक अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं तरी हे घडतं. मग अंधेरीतल्या चौथ्या मजल्यावर, पश्चिमेच्या खिडकीशी ठेवलेल्या टाकीचं काय होत असेल? पांढरं पडणं म्हणजे लगेच मरण नव्हे. कारण दूर झालं तर महिन्या-दोन महिन्यांत रंग परत येऊ शकतो. तपकिरी होणं हा वेगळा प्रकार. तिथे शेवाळ वाढलेलं असतं, बहुधा प्रकाश कमी आणि नायट्रेट-फॉस्फेट जास्त म्हणून. त्याने जीव जात नाही, फक्त दुकानात दिलेल्या पैशांची आठवण येत राहते.

तापमान हा मुंबईचा मोठा प्रश्न. टाकीत २५ ते २६ अंश हवेत, आणि मे महिन्यात चिलरशिवाय पाणी सहज ३१ अंशांवर जातं. बरेच जण चिलरचे पैसे वाचवायला पाण्यावर वारा मारणारा पंखा लावतात. पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते, माठ गार राहतो तसंच. पण माठ मुंबईच्या पावसाळ्यात गार राहतो का? जुलैत हवाच ओली असते. वाफ होत नाही, पंखा नुसता फिरत राहतो आणि टाकी तापते. एप्रिलमध्ये यशस्वी ठरलेला माणूस जुलैत गोंधळतो तो इथेच. मग ऑक्टोबर हीट येते. पारा पुन्हा तेहतीस-चौतीसवर जातो आणि पंख्याला परत जोर चढतो.

या वाफेतच दुसरा घोटाळा दडलेला आहे. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं. पंखा लावलेल्या टाकीतून उन्हाळ्यात दिवसाला दोन-तीन लिटर पाणी उडून जातं. ते गोड्या पाण्याने रोज भरलं नाही तर क्षारता चढते, आणि काही भाबडी माणसं ते मिठाच्या पाण्याने भरतात, म्हणजे आगीत तेल. क्षारता हजारी ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास असावी. प्लॅस्टिकच्या तरंगत्या काट्यावर माझा विश्वास नाही. रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा आणि तो हजारी ३५ च्या प्रमाणित द्रावणाने तपासून घ्यावा. शुद्ध पाण्यावर शून्य दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर पस्तिशीला बरोबर असेलच असं नाही. प्रवाळ मिटलं आणि घर तपासून झालं, की टाकीतलं पहिलं माप हेच घ्यायचं. पुष्कळदा शोध इथेच संपतो.

आता हे गोडं पाणी कुठलं? उपनगरांत नळाला येतं ते भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातलं, प्यायला उत्तम. पण त्यात क्लोरीन असतं आणि ते सोसायटीच्या टाक्यांतून, नळांतून येतं. वाटेत त्यात तांब्याचा अंश उतरला तर तो माणसाला चालतो, पाठीचा कणा नसलेल्या जिवांना विष ठरतो. स्वयंपाकघरातला फिल्टरही पुरत नाही, कारण पाण्याला चव यावी म्हणून बरेच फिल्टर काही क्षार मुद्दाम राखतात. टीडीएस मीटरवर शून्य दिसेल असं पाणी हवं, त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनची नळी जोडावी लागते. काही जण विचारतात की जुहूचं किंवा वर्सोव्याचं समुद्राचं पाणी का नाही आणायचं? ज्या किनाऱ्यावर नाले उतरतात आणि चार महिने पावसाचं पाणी मिसळतं, तिथलं पाणी घरी आणू नये.

नवी टाकी म्हणजे किती नवी? अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दुकानदार त्याला ‘टाकी तयार’ म्हणतो. माझ्या मते तयार टाकी वर्षाची. त्याआधी काचेवर तपकिरी पूड चढणार, मग वाळूवर लाल गिलावा येणार, मग हिरवे केस. हे सगळं येतं आणि जातं. त्या काळात कडक प्रवाळ आणणं म्हणजे ओल्या भिंतीवर रंग काढणं.

लेदर कोरलची एक सवय माहीत असली तर पुष्कळ बाटल्या वाचतील. ते अधूनमधून मिटतं, अंगावर मेणचट पापुद्रा धरतं आणि काही दिवसांनी कात टाकल्यासारखं तो सोडून देतं. याला आजार समजून औषध देऊ नये. पाण्याचा प्रवाह थोडा वाढवला की पापुद्रा लवकर निघतो. मात्र हेच लेदर शेजाऱ्यांवर रासायनिक हल्ला करतं. म्हणून कार्बन नियमित बदलावा आणि दोन प्रवाळांत वीतभर अंतर ठेवावं.

प्रकाशाबद्दल एवढंच सांगतो. दिवे निम्म्या जोरावर सुरू करा आणि महिनाभरात वाढवत न्या. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएचवर स्थिर ठेवा. आकडा थोडा चुकला तरी चालेल, पण तो रोज हलता कामा नये. मिठाचा ब्रँड बदलला आणि आकडा एका दिवसात आठाचा अकरा झाला, तर कडक प्रवाळांची टोकं जळतात.

घराकडे परत येऊ. मच्छर पळवणाऱ्या लिक्विडमधली आणि पेस्ट कंट्रोलमधली बहुतेक रसायनं पायरेथ्रॉइड गटातली असतात. कोळंबी आणि मासे त्यांना फार लवकर बळी पडतात. फवारणीच्या दिवशी टाकीवर ओला कपडा टाका आणि हवेची नळी बाहेर काढा. काच पुसायचं लिक्विड थेट टाकीच्या काचेवर मारू नका, त्यात अनेकदा अमोनिया असतो. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान करून तेलाचे हात टाकीत घालू नका. हसू नका, हा प्रमाद आमच्या घरी घडलेला आहे. खिडक्या बंद आणि एसी चालू अशा खोलीत पाहुणे जमले की कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पाण्याचा पीएच ८.२ वरून ७.८ कडे घसरतो. बाटली ओतण्यापेक्षा खिडकी उघडावी.

आणि वीज. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली आणि काही उपनगरांत ती यायला बरेच तास लागले. पंप थांबला की आधी प्राणवायू संपतो, बाकीचे प्रश्न नंतर. बॅटरीवरचा छोटा एअरपंप काही शे रुपयांत मिळतो. मी तो नव्या टाकीबरोबरच घ्यायला सांगतो, पहिल्या माशाच्याही आधी.

झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवा. त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. झोअँथिड चिकटलेला दगड उकळत्या पाण्याने धुतल्यावर वाफेतून विषबाधा होऊन अख्खी कुटुंबं रुग्णालयात गेल्याची उदाहरणं परदेशात आहेत.

शेवटचा मुद्दा दुकानदाराला सहसा आवडत नाही. २००१ पासून खडक बांधणारी सगळी कडक प्रवाळं, काळी प्रवाळं आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. मालवणहून आणलेला ‘लाइव्ह रॉक’ म्हणून कोणी काही दिलं तर ते घरात घेऊ नका. परदेशी माल असेल तर आयातीचे कागद मागा, आणि कागदांचा विषय निघताच दुकानदार चहा मागवू लागला तर चहा पिऊन निघा.

प्रवाळ बघायचंच असेल तर ते आपल्या मुंबईतही आहे. कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० साली हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली दुसरीकडे हलवल्या गेल्या. गढूळ पाण्यात, नाल्यांच्या शेजारी, चिलर आणि टेस्ट किटशिवाय हे प्रवाळ इथे जगत आलं. हाजीअलीच्या आणि जुहूच्या खडकांवर ओहोटीला झोअँथिडचे गालिचे उघडे पडतात. मुलांना घेऊन जा, जपून पावलं टाका, आणि दगड जिथे आहे तिथेच राहू द्या.